कोकमाचे सत्त्व आणि सत्त्वाचा व्यापार

कोकमाला आता बरे दिवस आले, असे म्हणण्याची चाल अलीकडे आपल्याकडे पडली आहे. कृषिप्रदर्शनाचे उद्घाटन असो की आरोग्यावरचे व्याख्यान असो, वक्ता सरबताचा पेला हाती घेतो आणि ह्या फळातील आम्लाच्या गोळ्या परदेशांत मेद झडवण्यासाठी विकल्या जातात हे मोठ्या अभिमानाने सांगतो. श्रोते टाळ्या देतात. जी सोले कालपर्यंत आमटीच्या वाटीत तळाशी राहून जात होती, त्यांना साहेबाने काचेच्या बाटलीत मानाने बसवले, ह्याचा तो आनंद असतो. ह्या आनंदात सामील होणे आम्हांस शक्य नाही. का शक्य नाही हे सविस्तर सांगणे मात्र आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कारण ह्या टाळ्यांच्या गजरात एका चांगल्या फळाचा अपमान होत आहे, आणि भाबड्या गिऱ्हाइकाच्या शरीराशी खेळ चालला आहे.

प्रथम आमच्याच बाजूच्या काही मित्रांशी आम्हांस भांडले पाहिजे. फळाचा गुण अखंड फळात असतो, त्यातून एखादे द्रव्य वेगळे काढणे म्हणजे निसर्गाची विटंबना, असे ते म्हणतात. हे म्हणणे कानाला गोड लागते. पण ते बोलणाऱ्याने आपल्या आजीला आमसुले करताना कधी नीट पाहिलेले नसावे. चैत्र-वैशाखात रातांबे पिकतात. गोव्यात त्यांनाच भिरंडे म्हणतात, आणि कारवारच्या पलीकडे कानडी मुलखात मुरुगल. फळ चिरून गर व बिया निराळ्या काढतात, सुटलेल्या रसात मीठ घालतात, त्या रसात साली बुडवतात आणि उन्हात वाळवतात. पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. अशी कित्येक पुटे दिल्यावर साल काळीजांभळी होते. ह्या पुटांमध्ये होते काय? रसातले पाणी ऊन घेऊन जाते आणि रसातले आम्ल व रंग सालीत साठत जातात. मीठ बुरशीला दूर ठेवते. आगळ करताना ह्याच्या उलट चालते. तिथे मीठ सालीतले पाणी बाहेर ओढून घेते, आणि पाण्याबरोबर आम्ल व तांबडा रंग बरणीत उतरतात. बियांची गोष्ट आणखी निराळी. त्या वाळवून फोडायच्या, आतला मगज कुटून पाण्यात उकळायचा, वर तरंगलेली चरबी काढून घ्यायची आणि थिजू लागली की मुठीने तिचे गोळे वळायचे. म्हणून तर तिला मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. टाचांच्या भेगांवर ते लावलेले नाही असे घर किनाऱ्यावर सापडणे कठीण.

ही तिन्ही निष्कर्षणेच आहेत. पहिल्यात ऊन हे साधन, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात उकळते पाणी. तेव्हा अर्क काढणे आम्हांस मुळीच त्याज्य नाही, आणि रसायनशास्त्राचे तर आम्ही ऋणीच आहोत. आमचे भांडण अर्काशी नसून अर्काच्या दलालीशी आहे.

आता ह्या प्रसिद्ध आम्लाची हकीगत ऐकावी. कोकमाच्या आणि त्याच्या जातभाईंच्या आंबटपणाला चिंचेतले किंवा लिंबातले आम्ल कारणीभूत असावे, असा पूर्वी समज होता. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुइस आणि नीलकंठन ह्यांनी १९६५ साली दाखवून दिले की, मलबारी चिंच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गार्सिनियाच्या सालीतले मुख्य आम्ल हे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आहे. आमच्या कोकमातही तेच आहे. वाळलेल्या सालीत सुमारे दहा-बारा टक्के. हे काम अस्सल होते, आपल्या देशात झाले होते, आणि त्याचा अभिमान कोणी बाळगला तर आमची ना नाही. पुढे १९६९ साली अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना आढळले की, शरीरातील पेशी ज्या एन्झाइमच्या साह्याने सायट्रेट फोडून मेदाचा कच्चा माल तयार करतात, त्या एन्झाइमला हे आम्ल अडवून धरते. उंदरांवर प्रयोग झाले, त्यांच्या शरीरातील मेदनिर्मिती घटली, आणि येथून पुढे शास्त्राची गाडी व्यापाराच्या रुळांवर गेली.

उंदराची गोष्ट माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पण येथे ती का लागू पडत नाही हे समजून घेण्यासारखे आहे. पिष्ट व साखर ह्यांपासून नवा मेद बनवण्याचे काम उंदराचे शरीर उत्साहाने करते. माणसाचे शरीर त्या बाबतीत आळशी आहे. आपल्या पोटावर जो थर चढतो तो बव्हंशी आपण खाल्लेल्या तेलातुपाचाच असतो, आयता आलेला असतो. जो कारखाना मुळातच मंद चालतो, त्याच्या दाराला कुलूप लावून गोदामातला माल किती कमी होणार? सिद्धान्ताची ही लंगडी बाजू जाहिरातीत कधीच छापली जात नाही.

आणि सिद्धान्त बाजूला ठेवून नुसता प्रयोग पाहिला तरी निकाल हाच. १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एका परीक्षणाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. १३५ स्थूल स्त्री-पुरुष घेतले. निम्म्यांना दिवसाला १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल दिले, उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळत आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. आहार सर्वांचाच बेताचा ठेवला होता. बारा आठवड्यांनी वजने घेतली तेव्हा आम्ल घेणारे सरासरी ३.२ किलोने उतरले होते आणि पोकळ गोळी घेणारे ४.१ किलोने! हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता, म्हणजे पोकळ गोळी अधिक गुणकारी ठरली असे कोणी समजू नये; पण आम्लाची गोळी गुणकारी नाही एवढे मात्र ठरले. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, २०११ साली अशा निरनिराळ्या परीक्षणांचा एकत्र ताळा घेण्यात आला तेव्हा आम्लाच्या बाजूने सरासरी ०.८८ किलोचा फरक निघाला. परंतु त्यांतली काटेकोर रीतीने केलेली परीक्षणे तेवढी निवडून पाहिली, तर तोही फरक भरवशाचा उरला नाही. एक किलोही नव्हे असा हा पराक्रम, आणि त्यासाठी एवढा डांगोरा!

निरुपयोगी पण निरुपद्रवी, एवढेच असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. २००९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेद झडवण्याच्या एका अतिशय खपाच्या मालाविरुद्ध जाहीर इशारा दिला. यकृताला गंभीर इजा झाल्याच्या २३ तक्रारी त्या खात्याकडे आल्या होत्या, आणि त्यांत एक मृत्यू होता. त्या मालाच्या काही प्रकारांत गार्सिनियाचा अर्क असे; बरोबर इतरही द्रव्ये असत, म्हणून सगळा दोष एकट्या गार्सिनियावर टाकणे तेव्हा न्यायाचे झाले नसते. परंतु पुढे दुसरे काही न घेता केवळ हाच अर्क घेणाऱ्यांमध्येही कावीळ व यकृताची सूज दिसून आली, आणि आज यकृताचे जाणकार त्याची गणना इजा करू शकणाऱ्या द्रव्यांत करतात. अशी इजा फार थोड्यांना होते हे खरे. पण ज्या वस्तूचा लाभ सिद्ध होत नाही, तिच्यासाठी थोड्यांनी तरी यकृत का द्यावे?

येथे कोणी विचारील, मग सोलकढीही बंद करायची काय? ह्या प्रश्नात जो गोंधळ आहे तोच ह्या व्यापाराचे भांडवल आहे. सोलकढी जेवणाच्या शेवटी, नारळाच्या रसात, भाताबरोबर, जीभ मागेल तेवढी घेतली जाते. जीभच तिला मर्यादा घालते. गोळीला चव नाही, म्हणून मर्यादाही नाही. ती जेवणापूर्वी, दिवसातून तीनदा, महिनोन्‌महिने, आणि मनात दर्पणातल्या प्रतिमेची धास्ती धरून घेतली जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोलकढीची ग्वाही ह्या गोळीच्या कामी येत नाही. आणि गोळी विकणारा नेमकी तीच ग्वाही पुढे करतो. त्याच्या वेष्टनावर नारळाची झावळी असते, डोईवर टोपली घेतलेली बाई असते, आणि 'परंपरागत' हा शब्द तर असतोच असतो.

परंपरेचा हवाला देताना हे लोक संस्कृत ग्रंथांनाही सोडत नाहीत. वृक्षाम्ल म्हणजे आपले कोकम असे वैद्यमंडळी सामान्यतः मानतात. चरकसंहितेत दहा-दहा द्रव्यांचे जे गण सांगितले आहेत, त्यांतील हृद्य गणात वृक्षाम्ल येते. तेथे त्याची सोबत कोणाची? आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग ह्यांची. मनाला रुचणारी, अन्नावर वासना आणणारी आंबट फळे एके जागी घातली आहेत. ज्या फळाला प्राचीनांनी रुची वाढवणारे म्हणून गौरवले, तेच आज भूक मारणारे म्हणून प्राचीनांच्याच नावावर विकले जावे, ह्याला धारिष्ट म्हणावे की अज्ञान, हे वाचकांनीच ठरवावे.

आणखी एक लबाडी आहे. बाटलीवर 'गार्सिनिया' एवढेच ठळक छापलेले असते. गार्सिनिया हे कुळीचे नाव. त्या कुळीत कोकम आहे, मलबारी चिंच आहे, आणि मँगोस्टीनही आहे. परदेशांत विकल्या जाणाऱ्या मेदनाशक मालात बहुधा मलबारी चिंचेचा अर्क असतो, आणि वर सांगितलेली परीक्षणेही मुख्यत्वे तिच्याच अर्काची आहेत. म्हणजे सभेतले वक्ते ज्याचा जयजयकार करतात ते बहुतेक वेळा आमचे कोकमच नसते! (ह्या नावाबद्दल गोव्यात एक गोड गैरसमज रूढ आहे. गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात भिरंडाचा उल्लेख केला, म्हणून कुळीला त्याचे नाव मिळाले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक लिनियसने ते नाव अठराव्या शतकातील लोराँ गार्सँ नावाच्या निसर्गशास्त्रज्ञावरून ठेवले. ओर्ताची थोरवी ह्याने तिळमात्र कमी होत नाही.)

आतापर्यंत आम्ही गिऱ्हाइकाची बाजू मांडली. आता फळाची मांडतो, कारण आमचा खरा संताप तेथे आहे.

ह्या आम्लाचा स्वभाव चंचल आहे. त्याचे पाणी आटवू लागले की त्याचा रेणू स्वतःभोवती वळसा घेतो आणि त्याचे लॅक्टोन नावाचे निराळे रूप तयार होते. ते त्या एन्झाइमला फारसे जुमानायला लावीत नाही. म्हणून कारखानदार आम्ल मोकळे न ठेवता चुन्याशी किंवा पोटॅशशी त्याचा संयोग घडवतो आणि ते क्षाराच्या रूपाने बाटलीत भरतो. वाळलेली साल पाण्यात उकळायची, गाळायची, आणि आम्ल पकडून क्षाराची पांढरट पूड करायची, असा तो क्रम. पूड पांढरट हवी, म्हणून कोकमाचा तांबडा रंग कोळशावर शोषून टाकून द्यायचा! ज्या रंगासाठी सोलकढीला सोलकढी म्हणायचे तो रंग ह्या कारखान्याच्या भाषेत 'अशुद्धी' ठरतो. हा रंग अँथोसायनिन वर्गातला आहे. वाळलेल्या सालीत तो दोन-तीन टक्के असतो. तो उष्णतेने व प्रकाशाने फिका पडतो, आंबट द्रवात लाल राहतो आणि सोडा पडला की निळसर होतो. खाण्याच्या पदार्थांत घालण्यास निर्धोक असा तांबडा रंग जगाला हवा आहे. तो नीट टिकवण्याची युक्ती साधण्यात जो आपली बुद्धी खर्च करील त्याला आम्ही नमस्कार करू. त्याला पांढऱ्या पुडीच्या पायी गटारात सोडणाऱ्याला कोणत्या शब्दांनी संबोधावे?

पाण्यात न उतरणारे तिसरे द्रव्य उकळून झालेल्या चोथ्यातच राहते. त्याचे नाव गार्सिनॉल. ते पिवळे, स्फटिकरूप आहे. मद्यार्कात वा तत्सम द्रावकात उतरते. त्याची रचना म्हैसूरच्याच संशोधकांनी १९८१ साली स्पष्ट केली, आणि २००४ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी पेशीतील जनुकांच्या कार्यावर त्याचा परिणाम कसा होतो हे दाखवले. हे काम मोठ्या योग्यतेचे आहे. परंतु ते परीक्षानळीतील व पेशींवरील काम आहे. त्यावरून 'कोकमाने कर्करोग बरा होतो' असे मथळे देणारी वृत्तपत्रे आपल्याकडे आहेतच. उचलली जीभ लावली टाळ्याला! अशा मथळ्यांनी रोगी वैद्याकडे जायचा उशीर करतो, आणि खऱ्या संशोधकाला आपल्याच शोधाची लाज वाटू लागते.

आणि बिया? त्यांच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा चरबी असते. ती साधारण ३८ ते ४० अंशांना वितळते, म्हणजे उन्हाळ्यातही घट्ट राहते, आणि तिची घडण कोकोच्या चरबीशी जुळती आहे. म्हणूनच युरोपीय संघाने २००० सालच्या आपल्या नियमांत, चॉकलेटमध्ये कोकोखेरीज ज्या मोजक्या सहा वनस्पतिज चरबी पाच टक्क्यांपर्यंत घालण्यास मुभा दिली, त्यांत कोकमाचे नाव आहे. तिच्यात शंका घेण्यासारखे काही नाही. ती कोणाला बारीक करण्याचे वचन देत नाही. ती मलमात चालते, साबणात चालते, मिठाईत चालते. असे असता कोकमाच्या गौरवाची भाषणे पुड्यांवर होतात आणि बिया उकिरड्यावर जातात.

आमच्यावर आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. 'गोळीमुळे सालीला मागणी आली, गरिबाच्या हाती चार पैसे पडू लागले. तुम्ही त्याच्या पोटावर पाय देता.' ह्या आक्षेपाचा विचार आम्ही गांभीर्याने केला आहे. साल विकणारी बाई वजनावर विकते. तिच्या मालात आम्ल किती, रंग किती, हे तिला कोणी सांगत नाही. ते मोजण्याचे साधन खरेदीदाराच्या हाती असते आणि भावही तोच ठरवतो. वळवाची एक सर आली की अंगणातली साल काळवंडते आणि तो भाव आणखी पाडतो. एवढे करून जी मागणी उभी आहे ती एका खोट्या आशेवर उभी आहे. लठ्ठ गिऱ्हाइकाची आशा ज्या दिवशी दुसऱ्या एखाद्या पाल्याकडे वळेल, त्या दिवशी ही मागणी आटेल, आणि तोवर गावाने आगळ करण्याची व मुठेल वळण्याची सवय गमावलेली असेल. गरिबाच्या पोटाची ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी त्याला अशा मागणीच्या भरवशावर सोडू नये. बडोद्याच्या डाळीत आमसूल पडते, इंदूरच्या मराठी घरात ते डब्यात जपून ठेवलेले असते. ही मागणी पिढ्यांची आहे, कोणाच्या फसवणुकीवर उभी नाही, आणि ती वाढवण्यास पुष्कळ वाव आहे.

मग करावे काय? एकाच फळातून ही चारही द्रव्ये क्रमाने घेता येतात, हे ह्या विषयाचे रसायन ओरडून सांगत आहे. ताज्या सालीतून थंड पाण्यामिठाने रंग व आम्ल एकत्र घ्यावे, म्हणजे आंबटपणा रंगाला सांभाळतो. उरलेल्या चोथ्यातून, जेथे सुरक्षित साधने असतील तेथे, मद्यार्काने गार्सिनॉल घ्यावे आणि ते प्रयोगशाळांना विकावे, रोग्यांना नव्हे. बिया वेगळ्या वाळवून त्यांची चरबी काढावी. पहिले व शेवटचे काम गावातच होण्यासारखे आहे. त्याला फार मोठे भांडवल लागत नाही. वळवाच्या सरीपासून साल वाचवील असा एक आडोसा व वाळवणीची पेटी, आम्ल मोजण्याचे साधे साहित्य, आणि हिशेब लिहिणारे एक माणूस एवढे लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' व 'कोकण हातीस' ह्या निवडक जाती दिल्या आहेत. कोकमात नर व मादी झाडे वेगळी असल्याने बियांपासून वाढवलेल्या रोपांत निम्मी नर निघून वर्षे फुकट जातात, ती अडचण कलमांनी दूर झाली आहे. लागवडीची बाजू तयार आहे. फळ हाती आल्यानंतरचे शास्त्र तेवढे गावाबाहेर राहिले आहे.

सरकारकडे आमची मागणी थोडी आहे. अर्क विकणाऱ्याने वेष्टनावर कुळीचे नाव न लिहिता जातीचे नाव लिहावे, आम्ल किती व कोणत्या क्षाराच्या रूपात आहे हे लिहावे, आणि यकृताच्या धोक्याची सूचना डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत छापावी. मेद झडवण्याचा दावा सिद्ध करता येत नसेल तर तो छापूच नये. ह्यात कोणाच्या धंद्यावर अन्याय होतो असे आम्हांस वाटत नाही. ज्यांना तसे वाटते त्यांना उत्तर देण्यासाठी ही पाने मोकळी आहेत. मात्र त्यांनी आम्हांस झावळ्यांची चित्रे न पाठवता परीक्षणांचे आकडे पाठवावेत, आणि शक्य झाल्यास त्याबरोबर हेही कळवावे की, गेल्या हंगामात त्यांनी घेतलेल्या फळांच्या बिया शेवटी कोठे गेल्या.